शिळ्या थुंकीचा रंग

आमच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक चित्र लावलेलं आहे. बाहेर भिंतीवर लावायची माझी हिंमत नाही. कुणा पाहुणीला साडी दाखवायला कपाट उघडलं आणि तिची नजर पडली की ठरलेला शब्द येतो, "शी! हे काय गं?" मुलगा तर म्हणतो, "आई, एक तर ते काढ, नाहीतर कपाटाला कुलूप घाल." मी काढत नाही. आवडतं म्हणून नव्हे. मलाही ते बघून अजून किळस येते. सकाळी उपाशीपोटी कपाट उघडायचं असलं तर मी दाराकडे न बघताच आत हात घालते. पण कुणी "शी" म्हटलं की मला आहेरबाई आठवतात. हा शब्द कानावर पडला की त्या खुलायच्या. दुसऱ्या कुठल्याही शब्दानं त्या इतक्या खूश झालेल्या मी पाहिल्या नाहीत.

मी गोंदियाकडची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं. नवऱ्याला सिन्नरच्या एका कारखान्यात काम लागलं म्हणून नाशिक रोडला आले. माहेरी जायचं म्हणजे सगळी रात्र गाडीत काढायची. इथं माझं "काऊन" आणि "येऊन राहिली" ऐकून नळावरच्या बाया हसायच्या, म्हणून मी बोलणंच आखडतं घेतलं. त्यात माझा स्वभाव भित्रा. गॅस बंद केला ना, कडी लावली ना, नवरा वेळेवर येईल ना, हेच दिवसभर डोक्यात. बाजारात गेलेली मी निम्म्या रस्त्यातून कडी बघायला परत यायची.

आम्ही जाधवकाकांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. काका नोटांच्या छापखान्यात नोकरीला. एक दिवस तेच म्हणाले, "शेजारच्या आहेरबाईंना स्वयंपाकाला कुणीतरी पाहिजे. मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात. एकट्याच आहेत. माणूस चांगलं आहे, पण त्यांच्याकडे कुणी टिकत नाही."

"काऊन?"

"तू जा तर खरी. त्यांचा पण छापखानाच आहे. आमच्यासारखाच. फरक एवढाच की आम्ही छापलेलं लोक घरी नेतात."

मी गेले. दारातच वासाचा भपकारा आला. काहीतरी जळकं, काहीतरी आंबलेलं, त्यात नाकाला चावणारा ॲसिडचा वास. मी पदर नाकाला लावणार, तेवढ्यात या सगळ्या घाणीखालून एक ओळखीचा वास आला. जवसाच्या तेलाचा. आमच्याकडे जवसाची चटणी रोजच्या खाण्यातली. नाशिकला आल्यापासून तो वास मला मिळाला नव्हता. बाईंच्या काळ्या शाईत जवसाचं तेल असायचं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की एका नाकपुडीत ओकारी आहे आणि दुसरीत माझी माय.

पुढच्या खोलीत रसवंतीतल्या चरकासारखं एक अवजड यंत्र होतं, दोन रूळ आणि हाताएवढ्या आऱ्यांचं चाक. आणि भिंतीवर चित्रं. एक नुसती पापणी, पाटाएवढी, तिच्या केसांना कोळ्याची जाळी. एक विहीर, तिच्या काठाला दात. एक मोठा पाखरू-किडा, दिव्यावर झडप घालतात तसला, त्याच्या पंखांना नखं. आणि एक लुगड्यातली बाई, मानेवर डोक्याच्या जागी कांदा, कांद्याची साल जराशी बाजूला झालेली, आतून कुणीतरी बघतंय. रंग नावाला नाही. सगळं काळं. पण काळं तरी किती तऱ्हेचं! तव्याच्या बुडाचं, पावसाळ्यातल्या भिंतीचं, डोळे गच्च मिटल्यावर दिसतं ते.

"शी!" माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच वाटलं, गेलं काम.

"काय म्हणालीस?" आतल्या दारात बाई उभ्या होत्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडीवरून पुरुषाचा जुना शर्ट घातलेला, आणि दोन्ही तळहात मनगटापर्यंत काळे.

"काही नाही, बाई."

"म्हणालीस तू. परत म्हण. मोठ्यानं."

मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "शी."

"कशाला बघून?"

मी कांद्याच्या बाईकडे बोट केलं. त्यांनी मान डोलावली. "बरोब्बर. उद्यापासून ये."

त्यांचं एक म्हणणं होतं, ते मी पुढं शंभरदा ऐकलं. "छान म्हणणारा मान हलवून पुढं जातो. शी म्हणणाऱ्यानं बघितलेलं असतं, म्हणून तर तो तोंड फिरवतो." कुणी "छान" म्हटलं की त्यांचा दिवस खराब जायचा.

घरात दोन नियम होते. एक, जेवायला मी त्यांच्याबरोबर टेबलावर बसायचं, आधी माझं ताट वाढायचं. मी संकोचानं अर्धपोटी उठायची, तर म्हणायच्या, "घाबरून जेवलेलं अंगाला लागत नाही, बस खाली." माझ्या बोलण्याला त्या कधी हसल्या नाहीत. उलट विचारायच्या, "तुमच्याकडे याला काय म्हणतात गं?" आणि मी सांगितलेला शब्द दिवसभर वापरायच्या. परमुलखात आल्यावर माझं तोंड पुन्हा उघडलं ते त्या टेबलावर.

दुसरा नियम, स्वयंपाकात कांदा नाही. फोडणीत नाही, तोंडी लावायला नाही. बाई मूळच्या देवळ्याच्या, कांद्याच्या मुलखातल्या, बापाचा कांद्याचाच व्यवहार. जाधवकाका म्हणायचे, "देवळ्याची बाई आणि कांदा खात नाही! नवस असेल काहीतरी." बाई काहीच सांगत नसत. त्या सगळं चमच्यानं खायच्या. भात, भाजी, कुस्करलेली भाकरीसुद्धा. चमचा एकच, जुना, दांडा वाकलेला. मी समजायची, हात शाईचे म्हणून. सगळे तसंच समजायचे.

त्यांचं काम मला हळूहळू कळत गेलं. जस्ताचा पत्रा घ्यायचा, त्यावर राळेची पूड भुरभुरायची आणि पत्रा खालून तापवायचा, की पूड कणाकणानं चिकटते. मग ॲसिड लावायचं. जिथं कण नाही तिथं ॲसिड पत्रा खातं, बारीक बारीक खड्डे पडतात. खड्ड्यांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओला कागद ठेवून यंत्रातून दाबून काढायचा. पत्रा तापवायचा तो माझ्याच गॅसवर. एका शेगडीवर पोळी, एका शेगडीवर राळ. मी जीव मुठीत धरून उभी असायची. ॲसिडची बाटली तर मी मनातल्या मनात रोज एकदा फोडायची आणि रोज एकदा आंधळी व्हायची.

पण खरी किळस पुढंच होती. एका सकाळी जरा लवकर गेले. बाईंनी अजून चूळसुद्धा भरली नव्हती. पत्र्यापुढं बसल्या होत्या आणि हातात वाटी. वाटीत थुंकल्या. पुन्हा थुंकल्या. मग त्यात कुंचला बुडवून पत्र्यावर फिरवला, आणि त्या ओल्यावर ॲसिडचा थेंब सोडला.

"अय माय! बाई, हे काय करून राहिल्या?"

"करडा रंग. नुसतं ॲसिड लावलं तर काठ उमटतो, सुरीनं कापल्यासारखा. थुंकीत ते पसरतं, धुरासारखं. कुठं सुरू झालं, कुठं संपलं, कळत नाही. स्वप्नातल्या वस्तूंना काठ असतो का?"

"पाण्यानं नाही होत?"

"पाणी पळतं. थुंकी धरून ठेवते. आणि सकाळची शिळी थुंकी सगळ्यात चांगली."

मला एकदम आठवलं. लहानपणी गालावर नायटा उठला की माय सकाळी उठल्या उठल्या, कुणाशी न बोलता, बोटानं आपली शिळी थुंकी त्यावर लावायची. मी किंचाळत पळायची आणि ती मला धरून आणायची. हे मी सांगितल्यावर बाईंनी कुंचला खाली ठेवला.

"तू पळायचीस?"

"तर काय! किळस यायची ना."

"आणि ती परत धरायची?"

"हो."

"नशीबवान आहेस," त्या म्हणाल्या. याच्यात नशीब कसलं, मला कळेना. मी ती वाटी चिमटीत धरून, श्वास रोखून मोरीत नेली आणि राखेनं तीनदा घासली. पुढं तिला मी ताटांत कधी मिसळू दिलं नाही.

कुंभमेळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात शहरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. मी चहाच्या किटलीजवळ बसले होते. जाधवकाका छापखान्याचा भोंगा झाल्यावर परस्पर तिकडंच आले, हात मागं बांधून सगळीकडे फिरले आणि म्हणाले, "बाई, काम एकदम बारीक आहे. पण आमच्या हिला आणणार नाही मी इथं. रात्री पाणी प्यायला उठायची नाही." बाई हसल्या.

मग एक बिल्डर आले. अंगठ्या, अत्तर, मागं दोन माणसं. "छान, छान, एकदम वेगळं आहे," म्हणत सगळी खोली एका दमात उरकली आणि कांद्याच्या बाईसमोर थांबले. "मॅडम, हे ऑफिसात लावायचंय मला. फक्त असं करता येईल का, कांद्याऐवजी द्राक्षं टाकायची? आपलं नाशिक म्हणजे कसं, द्राक्षं. आणि थोडा हिरवा कलर."

"येईल की," बाई म्हणाल्या. "द्राक्षं सडली की घेऊन या."

त्यांना तो विनोदच वाटला. मोठ्यानं हसले, "छान" म्हणाले आणि गेले. बाईंनी माझ्याकडून चहा घेतला आणि तोंड कडू झाल्यासारखा तसाच ठेवून दिला.

शेवटी एक सासू-सून आल्या, देवदर्शन करून वाटेत डोकावलेल्या असाव्यात. सून पोटुशी. पापणीच्या चित्रासमोर ती थबकली, तशी सासूनं पदर तिच्या डोळ्यांवर धरला. "बघू नको, बघू नको! शी! असलं काय काढतात गं मेले!" आणि डोळे झाकलेल्या सुनेला ढकलत बाहेर काढलं. पण जाताना मी पाहिलं, सुनेनं पदराच्या कडेनं मागं वळून बघितलं. बाईंनीही पाहिलं. गार झालेला चहा उचलला आणि एका दमात प्याल्या. "आज दोघीजणी आल्या," त्या म्हणाल्या. दिवसभरात दोनशे माणसं येऊन गेली असतील.

बाई बाजारात गेल्या की भाजीवाल्याशी हुज्जत घालायच्या ती सडक्या कांद्यासाठी. "हा नको, हा चांगला आहे. तो दे, खालचा, पाणी सुटलेला." तो म्हणायचा, "मावशी, ते मी गुरांना पण घालत नाय." हे कांदे बशीत मांडून त्या टेबलावर ठेवायच्या आणि रोज बघायच्या. कांदा सडताना आधी मऊ पडतो, मग मान बसते, मग सालीखाली काळी बुरशी धरते, भुकटीसारखी. त्या वासात मला घास उतरायचा नाही. त्या भिंग लावून बघत बसायच्या आणि चमच्यानं कांदा नसलेली भाजी खायच्या. हे कोडं मला सुटेना.

ते सुटलं माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवशी. बाई आल्या, मुलाला त्यांनी लाकडी घोडा आणला. मी आनंदात पेढा घेतला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. आपल्यात असं करतातच. बाईंनी मान अशी मागं झटकली की चष्मा खाली पडला. माझ्या हाताकडे त्या अशा बघत होत्या, जशी मी त्यांच्या चित्रांकडे बघते. मग "मला नको" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी ती रात्र रडत काढली. ज्या बाई मला शेजारी बसवून जेवतात त्यांना माझ्या हाताची किळस! नवरा म्हणाला, "मोठी माणसं. टेबलावर बसवतील, पण हात लागू देणार नाहीत. सोड ते काम." सोडायचंच ठरवून दुसऱ्या दिवशी गेले. बाई टेबलाशी बसल्या होत्या, पुढ्यात तो वाकडा चमचा.

"बस," म्हणाल्या. "तुझ्या हाताचं काही नाही. कुणाच्याच हातचं मला चालत नाही. ऐक."

त्यांच्या घरी कांद्याची चाळ होती. बांबूच्या पट्ट्यांची लांबलचक खोली, छतापर्यंत कांदा, पट्ट्यांतून येईल तेवढाच उजेड. पावसाळ्यात कांदा सडतो. त्यांची आई दिवसभर त्या अंधारात बसून सडका कांदा निवडून काढायची. कोपरापर्यंत पाणी ओघळायचं, नखांत काळी बुरशी. संध्याकाळी राखेनं, लिंबानं हात धुवायची, पण तो वास जात नाही. आणि त्याच हातानं मुलीला भरवायची. "खाई ले, माय, खाई ले," म्हणत.

"शाळेत मुली म्हणायला लागल्या, हिच्या तोंडाला सडक्या कांद्याचा वास येतो. त्या दिवशी आईनं घास दिला. मी तो तोंडात घेतला आणि थुंकले. तिच्या हातावर. म्हटलं, घाण आहे तुझा हात." बाईंचा आवाज सरळ होता, वर्गात शिकवल्यासारखा. "तिनं हात पदराला पुसला. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात चमचा होता. कुठून आणला कुणास ठाऊक, आमच्याकडे चमच्यानं कोण खायचं? मग तिनं मला कधी भरवलं नाही. दिवाळीच्या आत तापानं गेली."

मी त्या चमच्याकडे बघितलं. मग भिंतींकडे.

"तिचा चेहरा आठवत नाही मला. फोटो नाही. स्वप्नात चाळ येते. सगळे कांदे पापण्यांसारखे जरा जरा उघडलेले, आणि मधून हात येतो. घास घेऊन. मी तोंड फिरवते आणि जागी होते. इतकी वर्षं तो हात काढायचा प्रयत्न करतेय. ही सगळी चित्रं म्हणजे तो जमला नाही, त्याऐवजी जे आलं ते." मग म्हणाल्या, "आता काम सोडायचं असेल तर सोड."

मी उठून कणीक मळायला घेतली.

तो हात त्यांनी माझ्यासमोर एकदा काढला. स्वतःचा उजवा हात पुनःपुन्हा न्याहाळून, दोन महिने खपून. छापून कागद उचलला आणि बाईंच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, "शी!" पत्र्यावर उजवा काढला की कागदावर डावा उमटतो. जन्मभर हे काम केलेल्या बाई ते विसरल्या होत्या. अंधारातून डावा हात घास भरवत होता. डावा हात कशाकशाला लागतो ते आपल्याला माहीत आहे. बाईंनी कागद फाडला, पत्रा खिळ्यानं उभा-आडवा ओरखडून टाकला. "ओढ लागली की अक्कल जाते," एवढंच म्हणाल्या आणि नवा पत्रा घेतला.

तो नवा पत्रा अर्धा झाला होता तेव्हा त्यांच्या जबड्याखाली गाठ आली. देवळ्याहून भाऊ आले, दवाखान्यात नेलं. गाठ वाईट निघाली. मग लाईट, म्हणजे किरणांचे शेक, द्यायला सुरुवात झाली. गळ्याची कातडी काळी पडली, भाजलेल्या वांग्यासारखी सुटू लागली. मी पातळ पेज करून न्यायची आणि बाहेर येऊन ओकायची. सेवा करणाऱ्याला किळस येत नाही असं म्हणतात, ते खोटं आहे. मला येत होती. रोज येत होती आणि रोज मी जात होते.

लाईट संपल्यावर बाई घरी आल्या, पण तोंड कोरडं पडलं ते पडलंच. जीभ टाळूला चिकटायची. बोलताना कागद चुरगळल्यासारखा आवाज. भाऊ म्हणाले, आता देवळ्यालाच चला, इथं एकटं ठेवणार नाही. बाईंनी त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली. पत्रा पुरा करायचा होता. चाळ झाली होती, कांद्यांच्या पापण्या झाल्या होत्या. हातही झाला होता, या वेळी आरशात बघून उलटा काढलेला. राहिला होता हाताभोवतीचा करडा.

"तो हाताचा वास आहे," बाई म्हणाल्या. "तो नाही उमटला तर हात कुणाचाही आहे. मग काय उपयोग?"

आणि त्यांच्या तोंडात थेंब नव्हता.

दुसऱ्या एका तुकड्यावर त्यांनी पाण्यानं करून बघितलं. काठ उमटला. डिंकाच्या पाण्यानं केलं, साबणानं केलं. बाई भिंगातून बघायच्या आणि मान हलवायच्या. भाऊ दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येणार होते. सकाळचे दहा वाजले असतील. मला एक सुचलं. घरी धावत गेले, चिंच आणली, मीठ लावून त्यांच्यापुढं धरली. "बाई, चिंच बघितली की तोंडाला पाणी सुटतं. बघा तर."

त्यांनी जिभेवर ठेवली. डोळे मिटले. वाट बघितली. काहीच नाही. उलट फाटलेल्या जिभेला झोंबलं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

त्यांना चिंच चोखताना बघून पाणी सुटलं ते माझ्या तोंडाला. तोंड भरून आलं. मी गिळणार, तेवढ्यात बाईंनी डोळे उघडले.

"गिळू नकोस," त्या म्हणाल्या.

मी तोंड मिटून उभी. कळलं मला, पण कळायला नको होतं. त्यांनी ती वाटी पुढं सरकवली. तीच, मी वेगळी ठेवायची ती. आमच्याकडे एखाद्याच्या नावानं थुंकणं म्हणजे त्याला मेलेला समजणं. मी मानेनंच नाही म्हटलं. मग राहवेना, मोरीकडे तोंड करून कसंबसं बोलले, "बाई, माझी थुंकी? तुमच्या आईच्या हाताला?"

"माझी तर आधीच पडलीय तिथं," त्या म्हणाल्या.

मी वाटी घेतली. थुंकले. चिंच पुन्हा बघितली, पुन्हा थुंकले. लाज, किळस, सगळं त्या वाटीत जमा झालं. वाटी समोर ठेवली तेव्हा बाईंनी आत बघितलं आणि त्यांचा चेहरा पेढ्याच्या दिवशी झाला होता तस्साच झाला. मान मागं गेली. मला वाटलं, आता ढकलून देतात. पण त्यांनी कुंचला उचलला आणि माझ्या थुंकीत बुडवला.

चाक फिरवायची ताकद त्यांच्यात नव्हती, ते मी फिरवलं. कागद त्यांनी उचलला. चाळीचा काळोख, जराजराशा उघडलेल्या पापण्या आणि मधून आलेला उजवा हात, बोटांत घास. त्या हाताभोवती तो करडा, ओला, पसरत जाणारा, काठ नसलेला. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला वास आला. सडक्या कांद्याचा, नाकात चढणारा. मी तोंडाला पदर लावला.

"शी," मी म्हटलं.

बाई हसल्या. ओठ फुटून रक्त आलं इतक्या हसल्या. "मग तुझंच हे," म्हणाल्या. शाई वाळली की घरी ने, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत गाडी निघून गेली होती, आणि पुढं देवळ्याहून आली ती त्या गेल्याची बातमीच. म्हणून माझ्यासाठी बाई चित्र छापलं त्या दुपारच्या टेबलाशीच बसलेल्या आहेत. मी ताकात कालवलेला मऊ भात वाढला, शेजारी चमचा ठेवला. त्यांनी चमचा उचलला, बघितला आणि टेबलाच्या पार टोकाला सरकवून दिला.

"भरव," म्हणाल्या.

मी हात धुवायला उठले. सकाळी नवऱ्याच्या डब्यासाठी घरी कांदा चिरला होता, त्याचा वास बोटांना होता.

"धुवू नको. बस."

मी घास केला. त्यांनी तोंड उघडलं, आत सगळं कोरडं, लाल, सोललेलं. मी घास ठेवला. माझी बोटं त्यांच्या नाकाखालून गेली तसा त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, नाकपुड्या आक्रसल्या, डोळे गच्च मिटले. तोंड त्यांनी फिरवलं नाही. कितीतरी वेळ घोळवून घोळवून तो एक घास गिळला.

"वास येतो का हो, बाई?" मी घाबरून विचारलं.

"येतो," त्या म्हणाल्या. "घाण येतो. दे अजून."